घाटमाथा ते उजनी: पर्यावरणशास्त्रातल्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की आमची दरवर्षी एक सहल निघते. भीमाशंकरला सुरुवात, मग पुण्याच्या पुलांवर थांबत थांबत, आणि शेवट भिगवणला उजनीच्या काठावर. बरोबर कॉलेजची मुलं, एखाद-दोन शिक्षक, सोसायटीतले निवृत्त काका-काकू, कधी दौंड-इंदापूरकडचे शेतकरी. माणसं बदलतात, प्रश्न तेच राहतात. व्याख्या पाठ असतात, पण पुलावर उभं राहून खाली पाहिलं की समोर दिसतंय त्याला कोणता शब्द लावायचा ते सुचत नाही. आणि शब्द चुकला की दोष भलत्याच्या माथी जातो, पैसाही भलतीकडे खर्च होतो. जलपर्णीच्या प्रश्नात त्याचा उत्तम नमुना सापडेल. उदाहरणं शक्यतो भीमेच्या खोऱ्यातलीच घेतली आहेत.

निसर्ग, पर्यावरण, परिसंस्था: तिन्ही एकच ना?

नाही. 'पर्यावरण' म्हटलं की आधी विचारायचं, कोणाचं? पवनेतल्या माशाचं पर्यावरण म्हणजे पाण्यातला प्राणवायू, गाळ, शेवाळ, वरून झेपावणारा खंड्या. त्याच काठावर वीटभट्टीत राबणाऱ्या माणसाचं पर्यावरण वेगळं. परि-आवरण, म्हणजे ज्याच्या भोवती आहे त्याचं.

परिसंस्थेत सजीव येतात, निर्जीव येतात, आणि त्यांच्यातली देवाणघेवाणही येते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ साली ही संकल्पना मांडली. तिची हद्द अभ्यासणारा ठरवतो. भीमाशंकरची अख्खी देवराई ही परिसंस्था, आणि तिथल्या झाडाच्या ढोलीत साचलेलं, डासांच्या अळ्या वळवळणारं ओंजळभर पाणी हीसुद्धा. एवढं लक्षात ठेवा की कार्बन, नत्र, पाणी फिरत राहतं, पण ऊर्जा एकाच दिशेने जाते. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर ढोबळमानाने दहावा हिस्साच पोचतो. म्हणून रानात गवत उदंड, भेकरं मोजकी आणि बिबट्या एखादाच.

'आमच्या गावाच्या इकॉलॉजीला धोका आहे' हे वाक्य बरोबर आहे का?

रूढ झालंय, पण इकॉलॉजी हे शास्त्राचं नाव. 'आमच्या गावाच्या भूगोलाला धोका' म्हणण्यासारखंच ते. धोका परिसंस्थेला असतो.

यंदा जानेवारीत पुण्यात कडाक्याची थंडी पडली. मग तापमानवाढ कुठे गेली?

या घोळाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. भूगोलाच्या पुस्तकात आज-उद्याच्या स्थितीला 'हवा' म्हणतात आणि दीर्घकाळच्या सरासरीला 'हवामान'. पण हवामान खातं आपल्याला उद्याच्या पावसाचा अंदाज सांगतं, आणि 'हवा खराब आहे' म्हणजे आपण धूर-धूळ समजतो.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पेरणी या आठवड्यात करायची की पुढच्या, हा हवेचा प्रश्न. या गावात भात होतो की ज्वारी, हा हवामानाचा. हवामान ठरवायला साधारण ३० वर्षांच्या नोंदी धरतात. सध्या १९९१ ते २०२० या काळाची सरासरी संदर्भासाठी घेतात. एका थंड आठवड्याने ती हलत नाही. एका कडक उन्हाळ्यानेही हलत नाही, हे मात्र दुसऱ्या बाजूचे लोक सोयीने विसरतात.

पर्जन्यछाया म्हणजे काय?

अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, थंड होते आणि घाटमाथ्यावर रिती होते. पलीकडे उतरताना तीच हवा तापते, तिच्यातले ढग विरतात. घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर, पुण्यात सातशेच्या आसपास, दौंड-इंदापूरकडे पाचशेच्या घरात. हे सगळं दोनशे किलोमीटरच्या आत. बसच्या खिडकीतून पाहिलं तर आधी भात, मग बाजरी, आणि पुढे कालव्याच्या जोरावर उभा असलेला ऊस दिसतो.

पाणलोट क्षेत्र कसं ओळखायचं?

पावसाचा थेंब पडला की कुठे वाहत जाईल, एवढंच पाहायचं. एकाच ओढ्याला येऊन मिळणारा सगळा उतार म्हणजे त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र. दोन क्षेत्रांमधली कड म्हणजे जलविभाजक. भीमाशंकरच्या कड्यावर उभं राहून पश्चिमेला पेला उपडा केला तर पाणी कोकणातून अरबी समुद्राला जाईल. पूर्वेला केला तर भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला.

कागदावर तरी असंच. प्रत्यक्षात मुळशी, वळवण, ठोकरवाडी ही धरणं पूर्वेकडे वाहणारं पाणी अडवतात आणि बोगद्यांतून पश्चिमेला खाली सोडून त्यावर वीज करतात. एका खोऱ्याचं पाणी असं दुसऱ्या खोऱ्यात वळवणं म्हणजे आंतरखोरे पाणी-स्थलांतर. मुळशीचं धरण होत होतं तेव्हा, १९२१ साली, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. दुष्काळी वर्षात हे पाणी पूर्वेला द्यावं ही मागणी आजही निघते. हा झगडा समजून घ्यायला 'पाणलोट' हा एक शब्द पुरेसा आहे.

उजनी 'उणे तीस टक्के' असं पेपरात येतं. धरण रिकामं होऊन आणखी रिकामं कसं होतं?

हा माझा आवडता प्रश्न. उजनीची साठवण सुमारे ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३० कोटी लिटर. त्यातला निम्म्याहून जास्त, जवळपास ६४ टीएमसी, हा मृतसाठा आहे. म्हणजे नेहमीच्या दारांच्या पातळीखालचं पाणी. टक्केवारी मोजतात ती वरच्या उपयुक्त साठ्याची. तो संपला की आकडा शून्य, आणि मृतसाठ्याला हात घातला की उणे. 'मृत' म्हटलं तरी त्यात मासे जिवंत असतात. पाणी उतरत जातं तशी तीच घाण कमी पाण्यात दाटत जाते, ते वेगळंच.

देशी, स्थानिक, प्रदेशनिष्ठ: फरक काय?

देशी किंवा स्थानिक म्हणजे इथे मुळापासून असलेलं. मग ते आणखी कुठेही असो. वड देशी आहे. प्रदेशनिष्ठ म्हणजे ठरावीक भूभाग सोडून जगात दुसरीकडे नैसर्गिकरीत्या न सापडणारं. भीमाशंकरचा शेकरू ज्या जातीचा आहे ती भारताबाहेर आढळत नाही, म्हणून तो भारताला प्रदेशनिष्ठ. आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणीही.

'जैवविविधतेचा हॉटस्पॉट' हा शब्दही इथेच निस्तरू. पुष्कळ प्राणी-पक्षी दिसतात ती जागा हॉटस्पॉट, असं नाही. नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या या कल्पनेला पुढे दोन काटेकोर अटी जोडल्या गेल्या: प्रदेशनिष्ठ वनस्पतींच्या किमान १,५०० जाती हव्यात, आणि मूळ वनस्पती-आच्छादनातलं किमान ७० टक्के नाहीसं झालेलं हवं. म्हणजे हा किताब अर्धा कौतुकाचा आणि अर्धा सुतकाचा आहे. पश्चिम घाटाला तो मिळाला म्हणून फटाके वाजवणाऱ्यांनी दुसरी अट वाचावी.

कळीची प्रजाती कोणती, हे कसं ठरतं?

संख्येने थोडी, पण काढून घेतली तर डोलारा खचतो, ती कळीची. अमेरिकेतले रॉबर्ट पेन यांनी किनाऱ्यावरच्या खडकांवरून तारामासे काढून टाकले, तेव्हा कालवांसारख्या शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली आणि बाकीचे जीव हटले. त्यातून १९६९ मध्ये हा शब्द आला.

आपल्याकडे उंबर, वड, पिंपळ बघा. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्याला आपण 'उंबराचं फूल झालास की' म्हणतो. उंबराला फुलं येतात, पण ती त्या गोल फळाच्या आत. फळाच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक असतं, त्यातून एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरते आणि परागीभवन करते. प्रत्येक जातीच्या उंबरवर्गीय झाडाची आपली स्वतःची माशी. सगळी झाडं एकदम फळत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात बाकी रान कोरडं असतानाही कुठलं तरी उंबर लगडलेलं असतं. हरियाल, धनेश, वटवाघळं, माकडं, शेकरू सगळे त्याच्या आश्रयाला. दत्ताचं झाड म्हणून उंबर तोडला जात नाही, हा या सगळ्यांचा नशिबाचा भाग.

परदेशातून आलेली सगळीच झाडं वाईट का?

तसं असतं तर मिरची, टोमॅटो, बटाटा स्वयंपाकघरातून हाकलावे लागतील; तिन्ही अमेरिका खंडातले. परकी जात आणि आक्रमक परकी जात यांत फरक करायचा. जी आपली आपण पसरते, स्थानिकांची जागा घेते आणि आवरत नाही, ती आक्रमक.

गाजरगवत हे घरचं उदाहरण. भारतात ते ठळकपणे नजरेस आलं ते १९५०च्या दशकात, पुण्याच्या परिसरात. आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात. 'काँग्रेस गवत' हे नाव लोकांनी दिलं. उपटताना हातावर खाज सुटते, काहींना दम लागतो. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये भारतात आणला गेला. पावसाळ्यात पानांची चाळण झालेली दिसली तर ती त्याची कामगिरी. शत्रूच्या शत्रूला असं बोलावण्याला जैविक नियंत्रण म्हणतात. घाणेरी उर्फ टणटणी रानात आणि चिलापी उजनीत, हीही त्याच पंगतीतली. पण भिगवणच्या मच्छीमाराला चिलापी वाईट असं सांगून पाहा. त्याचं घर तिच्यावर चालतं.

डीओ आणि बीओडी यांत गोंधळ होतो. सोपं करून सांगाल?

डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू. बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण खाऊन संपवायला जिवाणूंना जो प्राणवायू लागेल तो. एक शिल्लक, दुसरी उधारी. शिल्लक जास्त हवी, उधारी कमी. लोक उलटं करतात, 'बीओडी वाढला म्हणजे पाणी सुधारलं' असं एका अहवाल-वाचनात मी स्वतः ऐकलं आहे.

आकडे पाहा. लिटरभर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. लिटरभर स्वच्छ नदीच्या पाण्यात आपल्या तापमानाला जेमतेम साडेसात-आठ. माशाचं आयुष्य मुळातच काटकसरीचं. आंघोळीयोग्य पाण्यासाठी आपल्याकडे डीओ लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी ३च्या आत असावा लागतो. घरगुती मैलापाण्याचा बीओडी दोनशे-तीनशे असतो. भारतात ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून करतात. इतरत्र २० अंशांना पाच दिवस, म्हणून परदेशी आकड्यांशी तुलना करताना जपून.

सहलीत आम्ही डीओ जागेवरच पाहतो. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली, तिरक्या टोकाचं बूच. पाणी बुडबुडा न येऊ देता भरायचं. पिपेटने मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड सोडायचं, बूच लावून खाली-वर करायचं. घाटाखालच्या पहिल्या थांब्यावर बाटलीत दाट तपकिरी साका बसतो, काकवीसारखा. तो रंग म्हणजे प्राणवायू. शहर ओलांडल्यावरच्या पुलावर तीच रसायनं, तेच थेंब, आणि साका पांढरा, ताकाच्या निवळीसारखा. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, रसायन संपलं का?" रसायन होतं. पाण्यात प्राणवायू नव्हता.

सीओडी हा शब्दही भेटेल. त्यात जिवाणूंऐवजी तीव्र रसायनाने घाण जाळतात, त्यामुळे जिवाणूंना न पचणारा मालही मोजला जातो. बीओडी कमी आणि सीओडी भरपूर दिसला तर वर कुठेतरी कारखाना असण्याची शंका घ्या.

जलपर्णी काढली की नदी स्वच्छ होते ना?

ताप उतरवायला थर्मामीटर फोडण्यातला प्रकार आहे हा. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, तिची जांभळी फुलं बघून शोभेसाठी आणलेली. पोषक पाणी मिळालं की आठ-पंधरा दिवसांत दुप्पट होते. पोषण कुठून? मैलापाण्यातला नत्र, साबण-डिटर्जंटमधला आणि मैल्यातला स्फुरद, शेतातून वाहून आलेलं खत. पाण्यात खत वाढून वनस्पती आणि शेवाळ माजणं, याला युट्रोफिकेशन, मराठीत अतिपोषण किंवा सुपोषण म्हणतात. 'सुपोषण' हा शब्द मला पटत नाही. त्यात 'सु' काही नाही.

पुढचा क्रम असा. पृष्ठभाग झाकला जातो, ऊन आत जात नाही, खालच्या वनस्पती प्राणवायू द्यायचं थांबवतात. जुनी पानं कुजतात, कुजताना उरलासुरला डीओ खातात. मासे पहाटे मरतात, कारण रात्रभर प्रकाशसंश्लेषण नसतं आणि डीओ पहाटे तळाला गेलेला असतो.

दर उन्हाळ्यात पोकलेन येतो, जलपर्णीचे ढीग काठावर पडतात, त्यातले काही पहिल्या पुरात पुन्हा नदीत. काढू नये असं माझं म्हणणं नाही. डास वाढतात, बंधारे तुंबतात, काढावीच लागते. पण त्या खर्चाला 'नदी शुद्धीकरण' म्हणू नये. मैलापाणी जिथून नदीत येतं तिथे काम होतं त्याला शुद्धीकरण म्हणावं.

इंद्रायणीवर आळंदीला पांढरा फेस दिसतो त्याचं कारण जवळचंच. पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी साबणासारखी द्रव्यं साचलेली असतात आणि बंधाऱ्यावरून पाणी आपटलं की फेसाळतं.

एसटीपी आणि ईटीपी वेगळे असतात का?

दोन्ही घाण पाणी शुद्ध करणारे प्रकल्पच: एसटीपी घरगुती मैलापाण्यासाठी, ईटीपी कारखान्याच्या सांडपाण्यासाठी. छोट्या कारखान्यांसाठी एमआयडीसीत मिळून एक असतो तो सीईटीपी. नेहमीचा एसटीपी मुख्यतः बीओडी उतरवतो. नत्र-स्फुरद काढायला त्यात वेगळी सोय करावी लागते. म्हणून 'शंभर टक्के प्रक्रिया' झालेल्या पाण्यावरही जलपर्णी मजेत वाढू शकते.

गिधाडं संपली ती जैवविशालनामुळे, हे खरं का?

परीक्षेत हमखास चुकतं. विषारी द्रव्य एका जिवाच्या शरीरात आयुष्यभर साठत जातं तो जैवसंचय. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला त्याची तीव्रता वाढत जाते ते जैवविशालन. जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याचा पारा समुद्रात गेला, तिथून शिंपल्या-माशांत, तिथून मांजरांत आणि माणसांत. मांजरं झटके येऊन नाचल्यासारखी करू लागली आणि १९५६ मध्ये माणसांचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. ते जैवविशालन.

गिधाडांचं तसं नाही. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुराच्या मांसात उरायचं. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं काही दिवसांत निकामी व्हायची. साठत जाणं, पायरीपायरीने वाढणं नाही, सरळ विषबाधा. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आधीच हाताशी होता. शब्दाचा फरक इथे महत्त्वाचा ठरतो, कारण पारा दशकानुदशकं रेंगाळतो, तर डायक्लोफेनॅक वापरणं थांबवलं की धोका थांबतो.

शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आणि माझ्या बोअरला धुरळा, असं का?

दौंडकडच्या एका आबांचा प्रश्न, आणि त्यात वेदना होती. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टवर आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. अखंड कातळ पाणी धरत नाही. पाणी राहतं ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात. पाणी धरणाऱ्या आणि सोडणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात. शेजाऱ्याला भेग लागली, आबांना लागली नाही.

आपल्याकडच्या या कातळात जमिनीखाली नद्या किंवा तळी नसतात. झिजलेल्या बेसॉल्टच्या शंभर लिटर आकारमानातून उपसता येणारं पाणी दोन-तीन लिटर. खोल बोअर बहुधा नवीन पाणी शोधत नाही. वरच्या विहिरींचं पाणी खाली ओढून घेते किंवा शेकडो वर्षांचं साठलेलं उपसते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण लिहिणाऱ्याने जलधराची व्याख्याच सांगितली आहे.

माळरान पडीक आहे, तिथे झाडं लावली तर काय बिघडलं?

पुष्कळ बिघडतं, आणि यावर माझं मत ठाम आहे. माळ ही उजाड झालेली जंगलं नव्हेत. कमी पाऊस, उथळ माती आणि चराई यांतून घडलेली ती स्वतंत्र परिसंस्था आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल, तणमोर यांना उघडं रान लागतं. झाडी वाढली की ते हटतात. सोलापूरजवळचं नान्नज माळढोकासाठी राखलं गेलं, आता तिथे माळढोक दिसणं जवळजवळ थांबलं आहे. शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांचं पोट याच गवतावर.

पण सरकारी नकाशांमध्ये अशी बरीच जमीन 'पडीक' या रकान्यात बसते. त्या एका शब्दामुळे तिथे खड्डे खणले जातात, गिरिपुष्पाच्या रांगा लागतात आणि फोटो निघतात. वृक्षारोपणाला नाही म्हणायला कोण धजावणार?

याचाच जुळा शब्द म्हणजे 'वनाच्छादन'. एक हेक्टर किंवा जास्त जमिनीवर झाडांची सावली किमान दहा टक्के असेल तर देशाच्या वनस्थिती अहवालात ती जागा वनाच्छादन म्हणून मोजली जाते. झाड कोणतं, मालक कोण, हे पाहिलं जात नाही. आमराईही त्यात येते. म्हणून वनाच्छादन वाढल्याची बातमी आली तर जंगल वाढलं असं लगेच समजू नका.

एक्यूआय २०० म्हणजे हवेत काय २०० असतं?

काहीच नाही. तो हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक आहे, मोजमाप नाही. आपल्या पद्धतीत आठ प्रदूषकं धरतात, प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढतात, आणि सर्वांत वाईट जो निघेल तोच जाहीर होतो. सरासरी नाही. वर्गात सगळ्यांत कमी मार्क मिळवणाऱ्यावरून वर्गाचा निकाल लावावा तसं. बहुतेक वेळा तो मान पीएम २.५ ला मिळतो, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांना. माणसाचा केस त्याच्या वीस-तीस पट जाड असतो. या कणांसाठी आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची ५. त्यामुळे परदेशी अॅपवर तीच हवा 'वाईट' आणि आपल्याकडे 'समाधानकारक' दिसू शकते.

ओझोनला भोक पडल्यामुळे पृथ्वी तापते का?

नाही, हे दोन वेगळे आजार. वातावरणात बरंच वर, साधारण १५ ते ३५ किलोमीटरवर असलेला ओझोन अतिनील किरण गाळतो. फ्रिज-स्प्रेमधल्या सीएफसी वायूंनी तो विरळ होत होता. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते वायू कमी होत गेले आणि थर हळूहळू भरतो आहे.

तापमानवाढ हरितगृह वायूंनी होते. तळेगावकडे जरबेराची पॉलिहाउस पाहिलीत? ऊन आत येतं, उष्णता सहज बाहेर जात नाही. वातावरणात प्लॅस्टिक नाही. तिथे कार्बन डायऑक्साइड, मिथेन, बाष्प हे बाहेर जाणारी उष्णता शोषून पुन्हा खाली धाडतात. हा परिणाम मुळात वाईट नाही. तो नसता तर पृथ्वीची सरासरी उणे १८ अंशांच्या आसपास असती. घोटाळा वाढीचा आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत २८० भाग होता, आता ४२०च्या पुढे. आणखी एक गंमत: तोच ओझोन जमिनीलगत वाहनांच्या धुरातून उन्हात तयार झाला की प्रदूषक ठरतो आणि एक्यूआयच्या आठांत बसतो.

नदीचं पाणी समुद्रात वाया जातं, ते अडवायला नको?

नदी जिवंत राहायला तिच्यात जेवढं पाणी, ज्या काळात वाहायला हवं, त्याला पर्यावरणीय प्रवाह म्हणतात. माशांना अंडी घालायला पहिला पूर लागतो, काठच्या विहिरींना उन्हाळ्यातली धार. पंढरपूरला वारीच्या वेळी चंद्रभागेत पाणी सोडावं लागतं, म्हणजे ते एरवी नसतं.

जनसुनावणीला जाऊन काही उपयोग होतो का?

होतो, तयारी करून गेलात तर. मोठ्या प्रकल्पाआधी पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करावा लागतो. त्याला ईआयए म्हणतात. सध्याची चौकट २००६ च्या अधिसूचनेची. सुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी. किमान ३० दिवस आधी नोटीस, आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. गणसंख्येची अट नाही, त्यामुळे 'कोणी आलंच नाही' म्हणून सुनावणी रद्द होत नाही. एका सुनावणीत मी पाहिलं, अहवालात गावच्या ओढ्याचा उल्लेख 'हंगामी नाला' असा होता. एका आजींनी उठून सांगितलं, "मे महिन्यात मी तिथं गोधड्या धुते." ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. तोंडी बोलाच, पण लेखी निवेदन देऊन पोच घ्या.

शाश्वत विकासाची एका ओळीत व्याख्या?

१९८७ च्या ब्रुंटलँड अहवालानुसार, पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता न घटवता आजच्या गरजा भागवणारा विकास. परीक्षेसाठी एवढं पुरे. हल्ली हा शब्द सिमेंटच्या जाहिरातीतही असतो, त्यामुळे दिसला की 'कोणाच्या गरजा?' असं विचारायची सवय मी लावून घेतली आहे.

घरी किंवा शाळेत करता येईल असा एखादा प्रयोग सांगा ना.

सेकी तबकडी करा. १८६५ मध्ये आंजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने वापरलेली पद्धत अजून तशीच चालते. वीस सेंटिमीटर व्यासाचं जुनं झाकण घ्या, त्याचे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा, मध्ये नटबोल्ट, खाली वजन, आणि दर दहा सेंटिमीटरला गाठ मारलेली दोरी. दुपारी होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते ती खोली, मग वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी. भिगवणला आमचा नावाडी तबकडीकडे बघून हसतो आणि वल्ह्याचं पातं बुडवून आमच्या आधीच अंदाज सांगतो. बहुतेकदा जवळपास बरोबर असतो. वहीत तारीख, वेळ आणि पाण्याचा रंगही लिहा. ऑगस्टमध्ये तबकडी गढूळ मातीत हरवते आणि मार्चमध्ये हिरव्या शेवाळात, पण दोरीवरची गाठ तीच असू शकते.